एकाच डबक्यावर चार प्रजातींचे बेडूक: मादीची निवड कशी घडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पावसाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर भातखाचराशेजारच्या एकाच डबक्यावर तीन-चार प्रजातींचे बेडूक एकाच वेळी ओरडतात. त्यातले दोन इतके सारखे दिसतात की फोटोवरून ओळखता येत नाहीत, तरी मादी बहुतेक वेळा आपल्याच प्रजातीच्या नराकडे जाते. ही निवड उत्क्रांत कशी झाली? प्रजाती शुद्ध राहावी यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे का? आणि हे आपल्याकडे तपासायचं झालं तर कसं?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथला गैरसमज राहिला तर पुढचं सगळं तिरकं जातं. मादीला प्रजातीशी काही देणंघेणं नसतं. तिच्याकडे अंड्यांची एक खेप असते, कधी वर्षभराची एकच. ती परक्या नराकडून फळली आणि संकरित पिल्लं मेली किंवा वांझ निघाली, तर त्या मादीची आवडनिवड ठरवणारी जनुकंही तिथेच संपतात. कमी चुकणाऱ्या मादीची जनुकं पुढे जातात. दोन प्रजाती वेगळ्या राहतात हा त्याचा परिणाम आहे. नराचं गणित वेगळं: चुकीच्या मादीला मिठी मारून त्याचा थोडा वेळ जातो, फार तर एक रात्र. म्हणूनच डबक्यावरचे नर दिसेल त्याला, अगदी दुसऱ्या नरालाही पकडतात. निवडीचा भार मादीवर पडतो.

आता खरा प्रश्न वेगळा करून मांडतो. ‘मादीला आपला आवाज आवडतो’ ही एक गोष्ट आणि ‘शेजारी सारखी प्रजाती राहते म्हणून ती आवड जास्त काटेकोर झाली’ ही दुसरी. पहिली कुठेही सापडेल. दुसरी सिद्ध करायला एकाच प्रजातीच्या दोन प्रकारच्या वस्त्या लागतात: जिथे शेजारीण प्रजाती आहे आणि जिथे ती नाही. एकाच डबक्यावर कितीही रात्री काढल्या तरी दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही.

या तुलनेचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या करड्या वृक्षबेडकांचं आहे. हायला क्रायसोसेलिसमध्ये २४ गुणसूत्रं, हायला व्हर्सिकलरमध्ये ४८. बाहेरून दोघे हुबेहूब. संकर झालाच तर ३६ गुणसूत्रांचा निपजतो आणि त्याची पुढे वीण जवळजवळ होत नाही. फरक आवाजात आहे. दोघांची हाक म्हणजे ठोक्यांची माळ. साधारण २० अंश सेल्सिअसला व्हर्सिकलरचे सेकंदाला वीसच्या आसपास ठोके, क्रायसोसेलिसचे चाळीस ते पन्नास. मिसूरी विद्यापीठातल्या कार्ल गेरहार्ट यांनी १९९४मध्ये क्रायसोसेलिसच्या माद्यांची तुलना प्रसिद्ध केली. व्हर्सिकलरच्या सहवासात राहणाऱ्या माद्या ठोक्यांच्या वेगाबाबत, दूर एकट्या राहणाऱ्या माद्यांपेक्षा जास्त काटेकोर निघाल्या.

‘काटेकोर’ म्हणजे काय, इथे थोडं थांबायला हवं. पसंतीला दोन मोजमापं असतात. एक म्हणजे शिखर: मादीला सगळ्यात जास्त आवडणारा वेग कोणता. दुसरं सहनशीलता: त्या वेगापासून किती दूरची हाक ती चालवून घेते. शेजाऱ्यामुळे शिखर हललंच पाहिजे असं नाही. पुष्कळदा फक्त सहनशीलता आवळते, तीही शेजाऱ्याच्या बाजूने. दुसऱ्या बाजूला ती तशीच सैल राहते. फक्त शिखर मोजलं तर ‘काही बदललं नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पूर्वग्रहाने बिघडलेल्या अभ्यासांपेक्षा या एका कारणाने बिघडलेले अभ्यास जास्त असावेत, असं माझं मत आहे.

करड्या बेडकांत आणखी एक धडा आहे. हाकांतला मूळ फरक शेजारपणामुळे आला असं समजू नका. प्रयोगशाळेत अंड्यांवर प्रक्रिया करून तीन संच गुणसूत्रांचे क्रायसोसेलिस वाढवले, तेव्हा त्या नरांचे ठोके आपोआप हळू झाले आणि तशा माद्यांची पसंतीही हळू वेगाकडे सरकली. म्हणजे गुणसूत्रं वाढली की आवाज आणि आवड दोन्ही काही प्रमाणात एकत्र हलतात, निवडीचा दाब नसतानाही. शेजारपणाचं काम त्यानंतरचं: आधीच पडलेली फट रुंद करणं.

मग ही फट कुठे रुंद होते आणि कुठे नाही? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि किती अवलंबून आहे ते कल्पित आकड्यांवरून दिसेल. समजा शंभर सैल माद्या आहेत. त्या पहिला बरा नर धरतात आणि त्यातल्या वीस चुकतात. दुसरीकडे शंभर काटेकोर माद्या आहेत. त्या थांबून, ऐकून निवडतात. पण थांबण्यात दहा जणी नर न मिळताच परततात किंवा वाटेत सापाच्या पोटात जातात, आणि उरलेल्या नव्वदपैकी पाच टक्के चुकतात. संकरित पिल्लं सगळी मरत असतील तर सैल माद्यांच्या ८० खेपा फळाला येतात, काटेकोर माद्यांच्या ८५.५. काटेकोरपणा जिंकतो. आता संकरितांतली निम्मी जगतात आणि त्यांची वीणही नीट होते असं धरा. सैल माद्यांचे ८० अधिक २०चे निम्मे, म्हणजे ९०. काटेकोर माद्यांचे ८५.५ अधिक साडेचारचे निम्मे, म्हणजे ८७.७५. पारडं उलटलं. थांबण्याची किंमत तीच, चुकण्याचं प्रमाणही तेच. बदलली ती फक्त चुकल्याबद्दल मिळणारी शिक्षा.

म्हणून कुठल्याही जोडीबद्दल मी आधी तीन गोष्टी विचारतो: संकरितांचं काय होतं, माद्या सध्या किती वेळा चुकतात, आणि निवडत बसण्याची किंमत काय. चुका आधीच नगण्य असतील तर संकर कितीही वाईट निघो, निवडीला धरायला काही उरत नाही. या तीनपैकी एकाचंही उत्तर नसताना ‘सहवासामुळे पसंती बदलली’ असं लिहिणं घाईचं ठरतं.

शिक्षा दोन्ही बाजूंना सारखी असते असंही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या वर्षावनात हिरव्या डोळ्यांच्या एका वृक्षबेडकाच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अशा दोन शाखा आहेत. हिमयुगात जंगल आक्रसलं तेव्हा त्या वेगळ्या पडल्या, जंगल पुन्हा पसरल्यावर भेटल्या. कॉनराड हॉस्किन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवलं की दक्षिणेकडची मादी आणि उत्तरेकडचा नर यांची पिल्लं तगत नाहीत. उलट जोडीची पिल्लं सावकाश वाढतात, पण तगतात. अपेक्षेप्रमाणे दक्षिणेकडच्या माद्या जास्त चोखंदळ निघाल्या. पुढची गोष्ट आणखी मजेशीर. दक्षिण शाखेचा एक छोटा तुकडा उत्तरेकडच्या बेडकांमध्ये एकटा अडकलेला होता. तिथल्या माद्यांची पसंती आणि नरांची हाक इतकी बदलली, नर आकारानेही इतके लहान झाले, की हे बेडूक स्वतःच्याच मूळ दक्षिण शाखेलाही परके झाले. कुरांडा गावाजवळच्या या बेडकाला २००७मध्ये लिटोरिया मायोला हे वेगळं नाव मिळालं. एका शेजाऱ्यापासून बचाव करताना तिसऱ्याशीही नातं तुटलं. ‘एकत्र राहणाऱ्या प्रजातींत हे घडतं’ इतकंच म्हणणं म्हणूनच अपुरं आहे. त्याचे पडसाद शेजार नसलेल्या भागातल्या वस्त्यांपर्यंत जातात.

आता किमतीकडे वळू. तुमच्या प्रश्नात हा भाग नव्हता, पण माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात आणि लगतच्या न्यू मेक्सिकोत स्पेडफूट नावाचे बेडूक आहेत. मागच्या पायावर फावड्यासारखी कठीण धार असते, तिने ते जमीन खणून आत बसतात. उन्हाळी पाऊस पडला की बाहेर येतात, एखाद्या रात्रीतच वीण उरकतात, आणि मग डबकं सुकण्याआधी पिल्लांना बेडूक व्हायचं असतं. आपल्या कातळसड्यावरच्या उथळ डबक्यांसारखीच ही शर्यत आहे. तिथे स्पिया मल्टिप्लिकाटा आणि स्पिया बॉम्बिफ्रॉन्स एकत्र राहतात. संकरित नर वांझ असतात, संकरित माद्या कमी अंडी घालतात.

कॅरिन फेनिग यांनी २०००मध्ये दाखवलं की मल्टिप्लिकाटाच्या एकट्या राहणाऱ्या वस्त्यांत माद्यांना भरभर ओरडणारे नर आवडतात. असे नर तब्येतीने चांगले असतात आणि त्यांच्याशी जोडी जमली की जास्त अंडी फळतात. पण बॉम्बिफ्रॉन्सची हाकही भरभर असते. त्यामुळे जिथे दोघे एकत्र आहेत तिथे मल्टिप्लिकाटाच्या माद्या सरासरी वेगाचा नर निवडतात. चूक टाळली जाते, पण उत्तम नर ओळखायची खूण हातची जाते. ‘योग्य प्रजातीचा’ आणि ‘चांगला’ हे दोन निकष एकाच खुणेवर अवलंबून असले की मादीला तडजोड करावी लागते. दोन निकष वेगवेगळ्या खुणांवर असते, म्हणजे प्रजात ठोक्यांच्या वेगावरून आणि दर्जा हाकेच्या लांबीवरून, तर ही अडचण आली नसती. म्हणून हाकेचा कुठला गुण कशासाठी वापरला जातो हे सुटं करून पाहावं लागतं.

दुसऱ्या प्रजातीची मादी तर आणखी चक्रावून टाकते. बॉम्बिफ्रॉन्सची पिल्लं सावकाश वाढतात, संकरित त्यांच्यापेक्षा लवकर. २००७च्या अभ्यासात खोल पाण्यातल्या बॉम्बिफ्रॉन्स माद्या आपल्याच नराची हाक पसंत करत होत्या. उथळ पाण्यात, विशेषतः तब्येतीने कमजोर असलेल्या माद्या, मल्टिप्लिकाटाच्या हाकेकडे वळल्या. उथळ डबक्यात शुद्ध पिल्लं सुकून मरण्यापेक्षा अर्धवट वांझ संकरित पिल्लं जगलेली परवडतात. म्हणजे ‘चूक’ कशाला म्हणायचं हेही पाण्याच्या खोलीवर ठरतं. मल्टिप्लिकाटाची पिल्लं मुळातच लवकर वाढत असल्याने तिला या अदलाबदलीतून काही मिळत नाही.

तुम्ही आंबोलीचाही उल्लेख केला आहे. तिथल्या झुडपी बेडकांना (राओरचेस्टेस, स्यूडोफिलॉटस) स्पेडफूटचा हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. त्यांच्या अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर पडतो, डबक्यातली अवस्थाच नसते. तिथे संकराची किंमत अंड्यातच किंवा नंतर विणीच्या वेळी चुकवावी लागेल. शेतातल्या मिनर्वर्या गटातल्या बेडकांचं मात्र डबक्याशी घट्ट नातं आहे, आणि सारखे दिसणारे, आवाजावरूनच ओळखू येणारे बेडूक याच गटात आहेत. पहिल्या अभ्यासासाठी मी हाच गट घेईन.

एक सैद्धांतिक अडचण थोडक्यात सांगतो, कारण संकराच्या शिक्षेमुळे पसंती काटेकोर होते या कल्पनेवर अनेक वर्षं जी शंका घेतली गेली तिचं मूळ तिथे आहे. १९३७ ते १९४०च्या सुमारास डॉबझान्स्कींनी ही कल्पना जोरात मांडली, १९५५मध्ये ब्लेअर यांनी तिला ‘पुनर्बलन’ अशा अर्थाचं आजचं नाव दिलं. १९८१मध्ये फेल्सनस्टाइन यांनी नेमकी खोच दाखवली: थोडा जरी संकर चालू असेल तरी दर पिढीला जनुकांचे पत्ते पिसले जातात. ‘अ’ नर आवडण्याचं जनुक आणि ‘अ’ प्रजातीची बाकीची जनुकं यांची जोडी त्यात फुटते. निवडीचा दाब या फाटाफुटीपेक्षा जोरदार असेल तरच पसंती टिकते. ही अडचण सौम्य होते ती दोन परिस्थितींत: दोन्ही प्रजातींत एकच बदल पसरून काम भागत असेल (उदाहरणार्थ, ‘जरा जास्त थांबून निवड’ किंवा ‘बापासारखा दिसणारा निवड’), किंवा पसंतीची आणि खुणेची जनुकं गुणसूत्रावर जवळजवळ असतील. पक्ष्यांत लहानपणी शिकण्यातून पहिला मार्ग खुला होतो. बेडकांची पसंती मात्र बहुतांशी जन्मजात असते.

आता फसवणाऱ्या गोष्टी. सहवासात फरक जास्त दिसला म्हणजे कारण संकरच, असं नाही. युरोपातल्या माशीमार पक्ष्यांचं उदाहरण घ्या. पाइड माशीमाराचा नर एरवी काळा-पांढरा असतो; मध्य युरोपात कॉलर्ड माशीमाराच्या सहवासात तो तपकिरी असतो, आणि सहवासातल्या माद्यांना तपकिरीच आवडतो, हे १९९७मध्ये सेत्रे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. संकरित माद्या वांझ असल्याने पुनर्बलनाचं स्पष्टीकरण चपखल बसतं. पण तपकिरी नराला आणखी एक फायदा आहे: दांडगट कॉलर्ड नर त्याच्यावर कमी तुटून पडतात. मादीच्या आवडीशी संबंध नसतानाही तो रंग टिकला असता. इथे दोन्ही कारणं एकत्र काम करतात असं मी मानतो.

बेडकांत याच जागी गोंगाट येतो. शेजारी त्याच पट्टीत ओरडत असेल तर आपली हाक ऐकूच जात नाही, आणि नर पट्टी किंवा वेळ बदलतो. याला संकराची गरजच नाही. तिसरी फसवणूक म्हणजे वाचलेल्यांची मोजणी. ज्या जोड्यांत पसंती पुरेशी वेगळी नव्हती त्या केव्हाच एकमेकींत मिसळून गेल्या. आज दिसतात त्या वेगळ्या असलेल्याच. कोयन आणि ऑर यांनी १९८९मध्ये फळमाशीच्या ११९ जोड्या तपासल्या, तेव्हा एकत्र राहणाऱ्या जोड्यांत, जनुकीय अंतर थोडं असतानाही, जोडीदार नाकारण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त आढळलं. पुराव्याचा हा भक्कम खांब आहे, तरी त्यावरही हा आक्षेप घेतला गेला.

तपासायचं कसं, ते आता सांगतो. पहिली पायरी हाकांची. एक मीटरच्या आतून, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा. फोनमधलं आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सेटिंग बंद हवं, नाहीतर ठोक्यांची उंची खोटी येते. नर जिथे बसलाय तिथलंच तापमान लगेच मोजा: पाण्यात असेल तर पाण्याचं, फांदीवर असेल तर हवेचं. थंड रक्ताच्या प्राण्यांत ठोक्यांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. उबदार रात्रीचा व्हर्सिकलर थंड रात्रीच्या क्रायसोसेलिसच्या जवळ पोचतो, आणि मादीची पसंतीही तिच्या शरीराच्या तापमानाबरोबर सरकते. म्हणून सगळी मोजमापं एका समान तापमानावर आणल्याशिवाय दोन वस्त्यांची तुलना करू नका.

दुसरी पायरी मादीची परीक्षा. जोडी जमलेली, पण अंडी न घातलेली मादी लागते. अंडी घातल्यावर तिला कुठल्याच हाकेत रस राहत नाही. म्हणून ज्या रात्री पकडाल त्याच रात्री चाचणी उरका. दोन मीटर अंतरावर समोरासमोर दोन स्पीकर, मधोमध मादी, मिणमिणता किंवा अवरक्त प्रकाश. दोन्ही हाका संगणकावर बनवलेल्या आणि फक्त एका गुणात वेगळ्या. खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये दहा गोष्टी वेगळ्या असतात आणि मादीने कशावरून निवडलं ते कळत नाही. मादी बसते तिथे दोन्हीची पातळी सारखी, साधारण ८५ डेसिबल, मीटरने मोजलेली. हाका आलटून पालटून वाजवा, एकमेकींवर चढू देऊ नका. मादी स्पीकरच्या दहा सेंटिमीटरच्या आत आली की निवड झाली. पाच मिनिटांत हलली नाही तर ‘प्रतिसाद नाही’. दर काही माद्यांनंतर स्पीकरची अदलाबदल करा, कारण उजवीकडे वळायची खोड किंवा खोलीतला प्रतिध्वनी पसंतीचं सोंग आणतो.

मादीला दोन्ही हाका सारख्याच असतील, तर वीसपैकी पंधरा किंवा जास्त माद्यांनी निव्वळ योगायोगाने कुठलीही एक बाजू घेण्याची शक्यता सुमारे चार टक्के. दहापैकी आठ ऐकायला जास्त ठळक वाटतं, पण तिथे ती अकरा टक्के होते. एकाच मादीच्या पाच चाचण्या म्हणजे पाच माद्या नव्हेत. सारख्या पातळीला सगळ्याच वस्त्यांतल्या माद्या आपली हाक निवडतील आणि फरक दिसणार नाही. तेव्हा परकी हाक सहा डेसिबलने, म्हणजे ध्वनिदाब दुप्पट करून मोठी करा. सहनशीलतेतला फरक इथे उघडा पडतो.

शेवटी सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट: इथे नमुना म्हणजे वस्ती, बेडूक नव्हे. सहवासाचं एक डबकं आणि एकटं एक डबकं घेतलंत तर ती दोन ठिकाणं उंची, पाऊस, साप, रस्त्याचा गोंगाट अशा शंभर बाबतींत वेगळी असतील. किमान तीन-तीन ठिकाणं घ्या आणि ती नकाशावर एकाआड एक येतील अशी निवडा. सगळी सहवासाची कोकणात आणि सगळी एकटी घाटमाथ्यावर असली तर तुम्ही फक्त कोकण आणि घाट यांची तुलना केलेली असेल. बेडूक पकडण्याआधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करा, आणि एका डबक्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट व जाळी धुऊन वाळवा, बुरशीचा रोग त्यांतूनही पसरतो. या पावसाळ्यात माद्यांना हात लावू नका. आधी नुसती ठिकाणं शोधा, कुठे कोण एकत्र आणि कोण एकटं ते नोंदवा, आणि दर ठिकाणी दहा-पंधरा नरांच्या हाका तापमानासह गोळा करा. तापमान टिपायचं राहिलेलं रेकॉर्डिंग प्रजात ओळखायला ठेवा, ठोक्यांच्या मोजणीत धरू नका.